एलटी-१०१ खोटं बोलतोय: एका शटडाउनच्या नोंदी

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातल्या एका प्रोसेस प्लॅटफॉर्मवर चौदा दिवसांच्या खेपेत रोज रात्री डायरीत जे खरडलं, ते थोडं नीट करून इथे ठेवतोय. एलटी-१०१ म्हणजे टाकीतल्या तेलाची लेव्हल सांगणारा एक ट्रान्समीटर. टॅग नंबर (इन्स्ट्रुमेंटचे ओळख-क्रमांक) बदलले आहेत. हस्ताक्षर सोडलं तर बाकी तसंच आहे.

१९ एप्रिल

जुहूला पहाटे साडेपाचला हजर. ब्रेथलायझरमध्ये फुंकर मारली, बॅग काट्यावर गेली आणि बॅगेमागून आपण. दोन किलो वाढलेत. लग्नसराईतल्या जेवणावळींचा हिशोब इथे लागतो. तीच सेफ्टी फिल्म, तेच लाइफ जॅकेट. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर. हेलिकॉप्टर पाऊण-एक तासात पोचवतं.

बरोबर एक नवा पोरगा दिलाय. पंढरपूरकडचा, आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केलेला, तळोज्यात केमिकल प्लांटवर दोन वर्षं काढलेली. समुद्र पहिल्यांदाच. हेलिडेकवरून उतरताना ग्रेटिंगमधून पायाखाली पाणी दिसलं, तसा कठडा धरून थांबला. "दादा, हे हलतं का?" म्हटलं, नाही हलत, पाय तळात रोवलेत आणि तळ पाऊणशे मीटरवर आहे. तू फक्त खिशातलं काही पडू देऊ नकोस. ग्रेटिंगमधून गेलेला स्क्रूड्रायव्हर आजवर कुणाला परत मिळालेला नाही.

दुपारी शटडाउनची, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या कामांची, यादी हातात आली. आमच्या वाट्याला: सेपरेटरचे (विहिरीतून आलेलं तेल आणि गॅस वेगळं करणारी टाकी) ट्रान्समीटर, आठ शटडाउन व्हॉल्व्हचे स्ट्रोक (बंद-उघड करून बघणं), गॅस डिटेक्टर, तीन जंक्शन बॉक्स, आणि सगळ्यांत वर लाल पेनाने, "एलटी-१०१ बदलणे". प्रोडक्शनचे साहेब म्हणाले, "महिनाभर खोटं बोलतोय तो. नवीन मागवलाय, बसवून टाका."

२० एप्रिल

प्लांट चालू आहे तोवर एलटी-१०१ बघून घेतला. काम साधं: सेपरेटरमध्ये तेल किती उंचीवर आहे ते सांगायचं. कंट्रोलर ती लेव्हल ५० टक्क्यांवर धरून ठेवतो. स्क्रीनवर महिन्याभराचा ट्रेंड काढला तर रेघ सरळ, ५० वर, कुठे ढळलेली नाही. बघणाऱ्याला वाटावं, किती छान चाललंय.

बाहेर जाऊन गेज ग्लास (टाकीला जोडलेली काच, जिच्यात लेव्हल डोळ्यांनी दिसते) पाहिली. ३३.

आधी ग्लासवर संशय घ्यायचा, हा नियम. तिचेही टॅपिंग (टाकीला जोडणारी तोंडं) चोक होतात आणि मग ती जुनीच लेव्हल दाखवत बसते. ऑपरेटरला घेऊन ग्लास आयसोलेट केली, ड्रेन केली, पुन्हा उघडली. तेल चढलं आणि ३३ वर येऊन थांबलं. म्हणजे ग्लास खरी.

यात घोळ असा, की ट्रान्समीटर जास्त दाखवतो म्हणून कंट्रोलर व्हॉल्व्ह जास्त उघडतो, तेल जास्त जातं आणि खरी लेव्हल खाली येते. स्क्रीनवर मात्र ५० चं ५०. खोटं जितकं वाढेल तितकं तेल खाली जाणार आणि रेघ सरळच राहणार. तेल पार संपलं तर त्या लाइनीतून गॅस पुढच्या कमी दाबाच्या व्हेसलमध्ये घुसतो. तसं होऊ नये म्हणून लो-लो ट्रिपचं (लेव्हल फारच खाली गेली की आपोआप बंद करणारं) वेगळं इन्स्ट्रुमेंट आहे, पण त्याच्या भरवशावर दिवस काढायचे नसतात.

पोराला कम्युनिकेटर (ट्रान्समीटरशी बोलायचं हातातलं यंत्र) लावायला सांगितला. दहा मिनिटं झाली तरी "नो डिव्हाइस". त्याने केबल बदलली, बॅटरी बदलली, शेवटी माझ्याकडे बघितलं. कार्डाच्या टर्मिनलवर थेट लावला होता, लूपमध्ये (ट्रान्समीटर ते कंट्रोल रूमचं सर्किट) २५० ओहम नव्हते. हार्टचं (ट्रान्समीटरची डिजिटल भाषा) बोलणं त्या रेझिस्टन्सवर ऐकू येतं. तो नसेल तर तू ओरडत बस. रेझिस्टर लावला, पहिल्याच झटक्यात जोडला गेला. तो एक रेझिस्टर आता त्याच्या वरच्या खिशात असतो.

डायग्नोस्टिक स्वच्छ. सेन्सर ठीक, इलेक्ट्रॉनिक्स ठीक. ट्रान्समीटर आजारी दिसत नाही. मग नवीन बसवून होणार काय?

२१ एप्रिल

दिवसभर गॅस डिटेक्टर. मिथेनची स्फोटक मर्यादा हवेत ५ टक्के धरतात, आपण २.५ टक्क्यांचा सिलिंडर वापरतो, म्हणजे डिटेक्टरने त्या मर्यादेच्या ५० टक्के दाखवायला हवं. अलार्म २० ला. बहुतेक सगळे ४७ ते ५२ मध्ये. कॉम्प्रेसरजवळचा एक मात्र २ च्या वर सरकेना.

फिल्टर काढला, पुसला, तेच. हा जुन्या जातीचा कॅटॅलिटिक सेन्सर: आतला मणी गॅस जाळतो आणि तापतो, त्यावरून मोजमाप. सिलिकॉन लागलं की मणी मरतो. शेजारीच कुणीतरी दरवाज्याच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारलेला, डबा तिथेच उभा. डिटेक्टर मेलेला, पण कंट्रोल रूममध्ये त्याचं शून्य हिरवंगार. गॅस नसेल तर शून्य, आणि सेन्सर मेला असेल तरी शून्य. इन्फ्रारेड डिटेक्टर आपला बिघाड आपण सांगतो. हा बिचारा तेवढा बोलका नाही. सेन्सर बदलला, ४९ आले. स्प्रेचा डबा सेफ्टीवाल्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, काही बोललो नाही.

२२ एप्रिल

सामानाची बोट न्हाव्याहून निघाली, पण क्रेनला वारा जास्त. उद्यावर गेलं. वर्कशॉप आवरलं.

२३ एप्रिल

पहाटे चारला शटडाउन सुरू. विहिरी बंद, प्रेशर उतरवलं, फ्लेअरची ज्वाळा लहान होत होत विझली. इतक्या वर्षांनी अजूनही तो क्षण विचित्र वाटतो. सततची घरघर थांबते आणि खाली खांबांवर आपटणाऱ्या लाटा ऐकू येतात. मासेमारीच्या दोन बोटी लांबवर दिसत होत्या. प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर कुणी यायचं नाही, पण मासळी जमते ती नेमकी या पायांशी, आणि हे कोळ्याला कुणी शिकवायला नको.

परमिट घ्यायला दीड तास. त्यावर कुरकुरणाऱ्यांना मी एकच सांगतो, तो दीड तास पगारातच आहे.

मग शटडाउन व्हॉल्व्ह. सोलेनॉइडची (विजेवर चालणारा छोटा हवेचा व्हॉल्व्ह) वीज काढली की ॲक्च्युएटरमधली (मुख्य व्हॉल्व्ह फिरवणारा भाग) हवा सुटते आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. १२ इंची व्हॉल्व्हने १५ सेकंदांत बंद व्हायला हवं. पहिले तीन झाले. चौथ्याला ३१. पुन्हा मारला, ३२.

स्प्रिंग गंजली, सीट जड झाली, ॲक्च्युएटर उघडावा लागणार, मेकॅनिकलवाल्यांना बोलवा, असं सगळं सुरू झालं. पोरगा ॲक्च्युएटरखाली वाकून बघत होता. म्हणाला, "दादा, हे टोपण पिवळं का आहे?" एक्झॉस्टची जाळी. रंगाऱ्याने व्हॉल्व्ह रंगवताना तीही रंगवली होती, दोन हात व्यवस्थित. हवा सुटायला वाटच नाही, सुईच्या भोकाएवढ्या फटीतून निघत होती. नवी जाळी लावली. १३ सेकंद.

हा रायझरवरचा (समुद्रतळावरून वर येणाऱ्या पाइपवरचा) व्हॉल्व्ह आहे. २७ जुलै २००५ ला इथेच, मुंबई हाय नॉर्थवर, एक सपोर्ट जहाज प्लॅटफॉर्मवर आपटलं, रायझर फुटला, गॅसने पेट घेतला आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. मुंबईत तेव्हा २६ जुलैच्या पुराने लोक छपरांवर बसलेले. आमच्या पिढीने ती गोष्ट तिथे असलेल्यांच्या तोंडून ऐकली. रंगाऱ्याला बोलवून जाळी दाखवली. तोही नवाच होता. त्याला ती कसली जाळी हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्याला सगळ्या एक्झॉस्टवर मास्किंग टेप लावायला सांगितलंय, आणि मला टेप काढायची आठवण ठेवायचीय. म्हणून इथे लिहून ठेवतो: टेप काढणे.

२४ एप्रिल

आज एलटी-१०१. रिकाम्या सेपरेटरशेजारी पूर्ण दिवस गेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा डीपी ट्रान्समीटर, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा. एक बाजू व्हेसलच्या खालच्या टॅपिंगला, दुसरी वरच्या. वरच्या बाजूची नळी मोकळी ठेवली तर त्यात गॅसमधलं पाणी-तेल साचून मोजमाप बिघडतं. म्हणून ती आपणच ग्लायकॉल आणि पाणी घालून काठोकाठ भरून ठेवतो. तिला वेट लेग म्हणतात. दोन टॅपिंगमध्ये अंतर १२०० मिलिमीटर. ग्लायकॉलची घनता १.०७, तेलाची डेटाशीटवर ०.८०. व्हेसल रिकामी असेल तर फरक उणे १२८४ मिलिमीटर पाणी (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात), भरलेली असेल तर उणे ३२४. मधला पल्ला ९६०.

आता ती नळी जर थोडी रिकामी झाली, तर त्या बाजूचा दाब कमी होतो आणि ट्रान्समीटरला वाटतं, पलीकडे तेल चढलं. माझा संशय पहिल्या दिवसापासून तिथेच होता, पण चालू प्लांटवर ती नळी उघडता येत नाही.

दाब शून्य असल्याची खात्री करून वरचा फिलिंग प्लग काढला. नळी काठोकाठ असती तर ग्लायकॉल तिथेच दिसलं असतं. नाही दिसलं. किती कमी आहे हे मोजायचं होतं, म्हणून मेडिकवाल्यांकडून ५० मिलीची सिरिंज आणली. त्यांनी तीनदा विचारलं, कशाला हवी. सिरिंजने थेंब थेंब सोडत गेलो, मध्ये नळीला टिचक्या मारून बुडबुडे काढले. १८ मिली गेलं आणि काठाला आलं.

१८ मिली, म्हणजे चहाचे चार चमचेही नाहीत. अर्ध्या इंची नळीत आतला व्यास जेमतेम १० मिलिमीटर असतो, त्यामुळे १८ मिली म्हणजे साधारण २२५ मिलिमीटर उंची. दोनशे मेट्रिक टनांच्या गप्पा मारणारा प्लांट चार चमच्यांनी महिनाभर फसला.

खूश होऊन साहेबांना सांगायला निघालो आणि जिन्यात थांबलो. २२५ ला १.०७ ने गुणलं तर २४०. ९६० च्या पल्ल्यात ते २५ टक्के होतात. पण चूक तर १७ टक्क्यांची होती. ५० आणि ३३.

मग ८ टक्के गेले कुठे?

परत गेलो. व्हेसल रिकामी, लेग भरलेली, म्हणजे उणे १२८४ दिसायला हवं. कम्युनिकेटरवर उणे १३६४. करंट ३.८ मिलिअँपिअरवर चिकटलेला (शून्य टक्क्यांना ४ असतो). ट्रान्समीटर आता उलट्या बाजूला खोटं बोलत होता, बरोबर ८० मिलिमीटरने. पोराने विचारलं, "म्हणजे शेवटी ट्रान्समीटरच खराब?" मी म्हटलं, जेवायला चल.

२५ एप्रिल

सकाळी ट्रान्समीटरच्या दोन्ही बाजू मॅनिफोल्डवर (ट्रान्समीटरला लावलेला व्हॉल्व्हचा ठोकळा) बंद करून वातावरणाला उघडल्या. शून्य यायला हवं होतं, आलं उणे ८०. पंपाने दाब दिला: प्रत्येक पायरीला बरोबर ८० कमी, पण पल्ला सरळ. हा बिघाड नाही, हा कुणाचा तरी हात आहे. कुणीतरी झिरो ट्रिम करून, म्हणजे शून्य मुद्दाम सरकवून, ठेवलाय.

वेट लेग असलेल्या ट्रान्समीटरचा झिरो चालू प्लांटवर, दोन्ही बाजू बंद केल्याशिवाय, तपासता येत नाही. इक्वलायझिंग व्हॉल्व्ह (दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा) तसाच उघडला की लेगमधलं ग्लायकॉल सरळ व्हेसलमध्ये निघून जातं. मग हे केलं कुणी आणि कशाच्या आधारावर?

वर्कशॉपचं रजिस्टर काढलं. मार्चमध्ये काही नाही. २६ फेब्रुवारी: "एलटी-१०१. स्क्रीन ५०, ग्लास ४२. झिरो ट्रिम करून ग्लासशी जुळवला. ओके." खाली सही माझी.

आठवलं मग. रात्रीची वेळ, कंट्रोल रूममधून तीनदा फोन आलेला, आणि सकाळी माझं हेलिकॉप्टर नव्हतं की घाई म्हणून सांगता येईल. लेग तेव्हाच ७५ मिलिमीटर उतरलेली होती. मी कारण न शोधता आकडा आकड्याला जुळवला. त्यानंतर लेग उतरतच राहिली आणि दोन महिन्यांत पुन्हा १७ टक्क्यांचा फरक पडला. सगळ्यांत वाईट म्हणजे किती ट्रिम केला ते लिहिलं नाही. नुसतं "ओके". तो एक आकडा लिहिला असता तर काल जिन्यात उभं राहायची वेळ आली नसती.

अण्णांना (आमचे फोरमन, निवृत्तीला दीड वर्ष) रजिस्टर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." बाकी एक शब्द नाही. साहेबांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. तिथे दोन-चार शब्द ऐकावे लागले, आणि ते ऐकण्यासारखेच होते. एक प्रश्न त्यांनी चांगला विचारला: नवीन ट्रान्समीटर बसवला असता तर? तर त्यात माझा ट्रिम नसता आणि तो १७ नाही, पूर्ण २५ टक्क्यांनी खोटं बोलला असता. यादीतलं "बदलणे" त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं.

झिरो शून्यावर आणला. रजिस्टरमध्ये लिहिलं: आधी उणे ८०, नंतर ०.

२६ एप्रिल

आता मूळ चोर. ग्लायकॉल गेलं कुठे? साबणाच्या पाण्याने प्रत्येक फिटिंग बघितलं, एकही बुडबुडा नाही. लिहिता लिहिता कालचंच वाक्य डोळ्यांसमोर आलं: इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला की ग्लायकॉल व्हेसलमध्ये जातं. उघडला नाही, पण नीट बंदही होत नसेल तर?

खालच्या टॅपिंगच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला, तिचा व्हेंट उघडला, खाली पांढरा कागद धरला. सात मिनिटांनी एक थेंब. मग आठ मिनिटांनी दुसरा. आतल्या आत, बाहेर काही न दिसता. सीटवर बारीक चरा, मिठाचा नाहीतर टयूबिंगच्या कापलेल्या कडेचा कण अडकला असावा. इतक्या वेगाने लेग महिन्यात नाही, दोन-तीन दिवसांत उतरली असती, हे खरं. चालू प्लांटवर कधी बसत असेल, कधी नाही. नवा मॅनिफोल्ड लावला, तोच प्रयोग अर्धा तास केला. कागद कोरडा.

पोराकडून टयूबिंग करून घेतलं. कापल्यावर आतली कड घासायची, नळी फिटिंगमध्ये तळाला टेकवायची, बोटाने घट्ट, मग पेनाने खूण आणि सव्वा फेरा. त्याने पहिल्यांदा दीड फेरा मारला, "थोडं जास्त बरं असतं ना". नाही असतं. फेरूल (नळीला पकडणारी आतली रिंग) चावली पाहिजे, चिरडली नाही पाहिजे. कापून पुन्हा केलं.

२७ एप्रिल

जंक्शन बॉक्स. झाकण उघडलं की खारट वास. एका तापमानाच्या लूपला ४ अंश जास्त येत होते. पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर) चा हिशोब अंशाला ०.३८५ ओहम, म्हणजे दीड ओहम कुठेतरी फुकटचे. एका टर्मिनलवर हिरवा गंज. वायर कापली, नवा लग, दीड ओहम गेले. ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथलं फिटिंग) सैल होता, पाणी तिथून. ऊन इतकं की पाना हातात धरवत नाही.

घरी फोन लावला. रांग मोठी, तीन मिनिटं मिळाली. पेणला आंबा उतरलाय, माझ्या वाटणीचा पिकत घातलाय म्हणे.

२८ एप्रिल

लूप चेक. सकाळी आठ ते रात्री नऊ. मी फील्डवर, पोरगा कंट्रोल रूममध्ये, दोघांच्या मध्ये वॉकीटॉकी.

"शून्य देतोय." "शून्य, चार मिलिअँपिअर, मिळाले." "पंचवीस." "आठ, मिळाले." "पन्नास." "बारा."

असं बासष्ट वेळा, खाली-वर दोन्हीकडून. दुपारी तीनच्या सुमाराला त्याचा आवाज झोपाळला. मी पन्नास म्हणून सांगितलं आणि दिले साठ. "बारा, मिळाले." गेलो वर. शर्मिंदा झाला, तेरा-पॉइंट-सहा समोर दिसत होतं. रागावलो नाही, २६ फेब्रुवारी अजून ताजा होता. चहा पाजला आणि जागा बदलल्या.

२९ एप्रिल

सकाळच्या टूल बॉक्स टॉकला (कामाआधीची सेफ्टीची छोटी बैठक) सेफ्टीवाल्यांनी टेक्सास सिटीची फिल्म लावली. २३ मार्च २००५, अमेरिकेतली रिफायनरी. टॉवर सुरू करताना तेल भरतच गेलं, बाहेर जायची वाट बंद. लेव्हल ट्रान्समीटर तळाच्या थोड्याशाच उंचीचा, तो पूर्ण बुडालेला, त्यात कॅलिब्रेशन चुकीच्या घनतेवर. टॉवर तुडुंब भरत होता आणि स्क्रीनवर लेव्हल हळूहळू कमी होताना दिसत होती. शेवटी तेल वरून उसळलं, पेटलं. १५ माणसं मेली. फिल्म मी आधीही पाहिलीय, दोनदा तरी. या वेळी पुढच्या रांगेत बसून पाहिली.

दुपारी गळती तपासायला सेपरेटरमध्ये पाणी भरलं. ग्लासवर ५० झालं आणि कंट्रोल रूममधून ओरडा, "अहो, तुमचा एलटी परत साडेबारा टक्के जास्त! ६२ दाखवतोय!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोटात एक क्षण गोळा आला, खोटं कशाला सांगू. मग कागद काढला. ६०० मिलिमीटर पाणी, घनता १. सहाशेतून १२८४ गेले, उणे ६८४. पल्ल्याच्या सुरुवातीपासून ६०० वर. ६०० भागिले ९६०, साडेबासष्ट. ट्रान्समीटर तेलासाठी लावलाय आणि आत पाणी आहे, त्याने ६२.५ दाखवायलाच हवं. ५० दाखवले असते तर मी रात्री झोपलो नसतो.

पोराने तो कागद मागून घेतला.

३० एप्रिल

रात्री अकराला विहिरी उघडायला सुरुवात. फ्लेअर पेटला, घरघर परत आली. सेपरेटरमध्ये तेल चढताना मी ग्लासशी, टॉर्च घेऊन. स्क्रीन २०, ग्लास १९. ३५ ला ३५. ५० ला ४९. बाहेरच्या ग्लासमधलं तेल थोडं थंड, म्हणून जरा जड, म्हणून जरा खाली. तो एक टक्का मला मान्य आहे. ऑपरेटरने खिडकीतून अंगठा दाखवला.

१ मे

महाराष्ट्र दिन. गॅलीत (प्लॅटफॉर्मच्या स्वयंपाकघरात) श्रीखंड-पुरी. बंगाली कुकने केलेलं श्रीखंड, वेलची जरा जास्त, पण दोनदा घेतलं. हेलिडेकवर झेंडावंदन.

दुपारी ओव्हरराइडची यादी. शटडाउनमध्ये लावलेले, म्हणजे कामासाठी तात्पुरती सुरक्षा-यंत्रणा बाजूला ठेवणारे, एकूण ११ बायपास, एकेक करून काढले, प्रत्येकासमोर दोघांच्या सह्या. शेवटी दहाच भरले. अकरावा शोधायला पाऊण तास गेला. फायर पंप खोलीतल्या एका फ्लेम डिटेक्टरचा होता, वेल्डिंगसाठी लावलेला. काढला.

एक्झॉस्टवरच्या मास्किंग टेप काढल्या. आठपैकी सात. आठवी रंगाऱ्याने स्वतःच काढलेली निघाली.

३ मे

धुरकट हवा, पहिलं हेलिकॉप्टर रद्द, दुसरं साडेबाराला. तेवढ्या वेळात रिलीव्हरला (माझ्या जागी आलेल्याला) एकेक करून सगळं दाखवलं. एलटी-१०१ च्या बॉक्सच्या आत लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय: टॅपिंग १२००, ग्लायकॉल १.०७, तेल ०.८०, उणे १२८४ ते उणे ३२४, पाणी असेल तर ५० ला ६२.५. खाली तारखा आणि झिरोचे आकडे लिहायला दहा रिकाम्या ओळी. पहिली ओळ मी भरली.

रिलीव्हर वाचून म्हणाला, "फेब्रुवारीत कुणी हात लावला होता रे?"

"मी."

तो पुढच्या टॅगकडे वळला. मेडिकवाले हेलिडेकच्या जिन्यापर्यंत सिरिंज मागायला आले होते. म्हटलं, ग्लायकॉल लागलंय तिला, आता ती आमची.